ओक्दानचं तोंड कुणी विकलं?

ओक्दान क्वाक दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदराच्या बाजारात पाकट मासा विकते. साधासुधा नव्हे, मडक्यात मुरवलेला. त्याच्या वासाने परक्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मोक्पोकराच्या तोंडाला सुटतं. नवरा गेल्यापासून तिने त्याच गाळ्यावर संसार ओढला, मुली उजवल्या आणि कुणाचं ऐकून घेतलं नाही.

एकदा सोलहून आलेल्या एका पाहुण्याने चवीला घेतलेला तुकडा तिच्या धुतलेल्या मासळीच्या टपातच थुंकला. ओक्दानचा एक डोळा बारीक झाला, ओठ वाकडा झाला.

"थुंकायचंय तर स्वतःच्या भातात थुंक, मेल्या!"

कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि देशभर पसरलं. पोरंटोरं तिचं तोंड बघायला येऊ लागली आणि जाताना मासाही नेऊ लागली. तिलाही गंमत वाटली. इथवर तिची तक्रार नव्हती.

मग एक दिवस शेजारच्या गाळ्यावर सुकी मासळी विकणारी मालजा धावत आली. "ताई, तुमचं नाणं निघालंय!"

"कसलं नाणं?"

"फोनवरचं, क्रिप्टो की काय म्हणतात ते. 'रागीट आजी' नावाचं. वर तुमचंच तोंड! कालच्यापेक्षा तिप्पट झालंय."

"मला न विचारता? आणि त्याने विकत काय मिळतं?"

"काही नाही. भाव चढला की दुसऱ्याला विकायचं."

"आणि त्या दुसऱ्याने?"

"तिसऱ्याला."

"म्हणजे पेटता कोळसा. ज्याच्या हातात राहील तो भाजणार!"

ओक्दान तडक पोलीस चौकीत गेली. तिथल्या तरुण अंमलदाराने नम्रपणे विचारलं, "आजी, तुमचं चोरीला काय गेलं?"

"तोंड!"

त्याने हसू दाबलं. नाणं कुणी काढलं ते ठाऊक नाही, बहुधा परदेशातून चालतं, आपल्या हातात फारसं काही नाही, असं सांगून त्याने तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तेव्हा तिने भाचीला फोन धरायला लावला आणि त्यात तोंड घालून सांगितलं, "हे तोंड माझं आहे. मी ते कुणाला दिलेलं नाही. ते नाणं घेऊ नका!"

संध्याकाळपर्यंत त्या हलकटांनी तिच्या ओरडण्याला ढोलकीची साथ लावली. खाली लिहिलं, 'आजी भडकली, आता भावही भडकणार!' आणि खरंच भडकला. जी बाई जीव तोडून नको म्हणत होती, तिच्या नको म्हणण्याचीच जाहिरात झाली.

मग नाणं काढणाऱ्यांनी आपल्याजवळचा सगळा साठा एकदम विकला आणि गाशा गुंडाळला. भाव मातीला मिळाला. अनोळखी लोक ओक्दानला फोन करून विचारू लागले, "तुझा वाटा किती होता, म्हातारे?"

आणि मालजा आली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेलं सगळं तिने त्यात घातलं होतं.

"ताई, मला का नाही अडवलंत?"

"अख्ख्या देशाला ओरडून सांगितलं की! तू बहिरी होतीस?"

"सगळे म्हणत होते, म्हातारी नाटक करतेय. मला वाटलं..."

ओक्दानने सुरी फळीवर आपटली. "जन्मभर शेजारी बसलीस. माझ्या तोंडावर विश्वास नाही, आणि त्याच्या चित्रावर आहे?"

मालजा उपड्या खोक्यावर बसून रडू लागली. तिचा हात सारखा गुडघ्याकडे जात होता. ते पाहून ओक्दानची जीभ थांबली. राग मात्र थांबला नाही. तो ज्यांच्यावर निघायला हवा, ते या बाजारात नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी गाळा बंद ठेवून तिने मालजाला दंडाला धरून जवळच्या मोठ्या शहरात, ग्वांगजूला नेलं. तिथे फसलेल्या आणखी लोकांनी मिळून तक्रार गुदरली होती. त्यात दोघींनी सह्या केल्या. पुढे चौकशी होऊन एक जण सापडला. झकपक सुटातला, तिच्या धाकट्या जावयाच्या वयाचा. कोर्टात तो म्हणाला, "ती निव्वळ गंमत होती. नावावरूनच लोकांना कळायला हवं होतं."

साक्षीला उभी असलेली ओक्दान न्यायाधीशांनी दोनदा बजावूनही गप्प बसेना. "गंमत झाली की माणूस हसतो. ही बाई पायरी चढताना कण्हते. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते याने मला इथेच दाखवावं!"

त्याला शिक्षा झाली, पण मालजाचे पैसे आलेच नाहीत. साथीदार आधीच ते घेऊन पसार झाले होते.

मालजाचा गुडघा अजून तसाच आहे. सकाळी तिची खोकी ओक्दानच उचलून आणते आणि रस्ताभर तिला मूर्ख, बिनडोक म्हणते. मालजा ऐकून घेते. कुणी फोटोसाठी फोन उगारला, तर हल्ली तीच उठून आडवी उभी राहते.