राघूला जोड

पडदा वर जातो तो मालेगावात, वाशीम रस्त्याच्या कडेला. उन्हाळ्याची पांढरीफटक दुपार. डावीकडे पंचफुलाबाईंची पिठाची गिरणी, मधोमध निंबाखाली बाज, आणि उजवीकडे माणूस मांडी घालून बसेल एवढा गजांचा पिंजरा. त्यात राखी अंगाचा, लालभडक शेपटीचा, आफ्रिकेच्या जंगलातला राघू. पण छातीवरची पिसं त्यानं आपल्याच चोचीनं उपटून टाकलेली. खाली गुलाबी कातडी उघडी.

असा राघू बाईंनी पहिल्यांदा पाहिला तो पोहरादेवीच्या यात्रेत, एका माणसाच्या खांद्यावर. राघू म्हाताऱ्यासारखा खोकला आणि बाई पोट धरधरून हसल्या. घरी आल्या त्या वेड घेऊनच. दुभती म्हैस विकली आणि हैदराबादच्या पक्षीवाल्याकडून तसाच एक मागवला. गाव थोडंच सोडतंय!

"कावो काकू, किती लिटर देते तुमचा राघू?" शेजारची वैजयंती दळण आणताना रोज विचारायची.

"तुह्या जिभेपेक्षा कमी चालते त्याची. तेवढंच बरं हाये," बाई म्हणायच्या.

म्हशीवर कुठलं भागतंय? बदाम आले, अक्रोड आले, अकोल्याचा जनावरांचा डॉक्टर आला. घरातला एकुलता कूलर पिंजऱ्यापुढे गेला. नवरा जगदेव गच्चीवर अंथरूण टाकत एवढंच म्हणाला, "पुढच्या जन्मी मले राघूच कर म्हनाव देवाले. कूलर तं भेटन."

मग राघूनं पिसं उपटायला घेतली. पक्षीवाला फोनवर म्हणाला, "एकटा पडलाय बाई तो. जोड द्या, नाहीतर जायचा."

बाईंनी गळ्यातली एकदाणी काढली. जगदेव सोनाराकडे सोबत गेला.

मादी लाकडी पेटीतून निघाली, हैदराबादच्या खासगी बसनं. सकाळी पोचायची, तर हिंगोलीच्या पुढे टायर फुटलं आणि गाडी उन्हात उभी राहिली. ड्रायव्हर मोहनसिंगनं पेटी आपल्या मागच्याच सीटवर, खिडकीशी ठेवली होती. बाईंनी त्याला फोन केला. "भाऊ, ऊन लागू देऊ नोका बरं तिले."

"काळजीच करू नोका ताई."

गाडी आली तेव्हा दुपार कलत होती. मोहनसिंग खाली उतरला, मागे गेला आणि सामानाची डिक्की उघडली. आतून भट्टीसारखी वाफ आली. पेटीतून आवाज नव्हता. बाईंनी झाकण उचकटलं. मादी कुशीवर पडली होती, चोच उघडी.

"खिडकीत ऊन येत होतं ताई," मोहनसिंग म्हणाला. "तुमी म्हनलं म्हनून मी सावलीत ठेवली तिले."

बाईंनी तिच्या छातीवर दोन बोटं ठेवली. पिसं सगळी जागच्या जागी होती. रडू येईल म्हणून त्या थांबल्या, पण आलं नाही. गिरणीचा पट्टा बंद पडल्यावर कानात जो सुन्नपणा उरतो, तो आता अंगभर पसरला होता. मागून जगदेवनं आपला शेला त्यांच्या डोक्यावर टाकला.

मोहनसिंगनं खिशातून नोटा काढल्या. "हे पार्सलचं भाडं. मले नाही ठेववत."

बाईंनी त्याची मूठ मिटवली.

"राहू द्या भाऊ. पेटी तं आलीच न हैदराबादवरून."