गोड लागलं की सांगा

पार्वतीबाईंना छातीच्या एक्स-रेसाठी उभं केलं आणि त्या माझ्या अंगावरच कोसळल्या. टेबलावर आडवं केल्यावर मिनिटभरात शुद्धीवर आल्या.

“झोपलंय काय बरा वाटता,” त्या म्हणाल्या. “उठलंय काय घेरी येता.”

त्या काळाचौकीच्या, गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला. मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. त्यांचे यजमान भेटायला यायचे ते सभेतल्या घोषणांनी घसा बसवून घेऊनच. बाईंचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. निदान, हृदयाची झडप आवळली आहे. त्या काळी सर्जन धडधडत्या हृदयात बोट घालून ती रुंद करत.

मला खटकलं ते एवढंच, की झडपेचे पेशंट आडवं झाल्यावर धापा टाकतात. या बाईंचं उलट. आमचे रेडिऑलॉजिस्ट डॉ. प्रधान, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हृदयात गाठ असेल. कॅन्सरची नव्हे, साधीच, पण देठावर लोंबणारी. माणूस उभा राहिला की ती झडपेत बुचासारखी बसते. बोट लागून तुकडा सुटला तर तो थेट मेंदूत जायचा.

शोधायचा मार्ग अँजिओ. दंडाच्या शिरेत डाय सोडायचा. डाय भरतो ती जागा फिल्मवर पांढरी दिसते, गाठ असेल तिथे काळं भोक. सर्जन नाखूश होते. डायनेही माणूस दगावतो, म्हणाले. प्रधानांनी नवरा-बायकोला दोन्ही धोके समजावले. बाई म्हणाल्या, करा.

अडचण माझी होती. फिल्मच्या कॅसेट सहाच, हाताने ओढायच्या, सेकंदाला एक. गाठीची शंका डाव्या बाजूला, आणि डाय तिथे फुप्फुसांतून फिरून उशिरा पोचतो. घाई केली तर सहाही फिल्म उजवी बाजू टिपण्यातच संपणार. दुसऱ्यांदा डाय देणं बाईंना झेपलं नसतं.

आदल्या दिवशी प्रधानांनी शिरेत थोडं सॅकरिन टोचलं. “जिभेला गोड लागलं की सांगा.”

मी स्टॉपवॉच धरलं. रक्ताचा वेग असाच मोजत. निरोगी माणसाला बारा-पंधरा सेकंद लागतात.

“लागला,” बाई म्हणाल्या. तेवीस. रक्त जिभेच्या आधी हृदयाच्या डाव्या बाजूला पोचतं, म्हणजे डाय तिथे पंधरा-सोळाच्या सुमाराला येणार.

दुसऱ्या दिवशी डाय गेला. अंग भाजल्यासारखं होऊन बाईंनी डोळे मिटले. मी मोजत थांबलो.

“ओढ की,” मागून सर्जन म्हणाले.

मी थांबूनच राहिलो. चौदाव्या सेकंदाला पहिली ओढली.

डार्करूममध्ये ओल्या फिल्म टांगल्या. पहिल्या दोनांत काही नव्हतं. तिसरीत लिंबाएवढं काळं भोक. पाचवीत तेच भोक खाली सरकून झडपेच्या तोंडाशी. सर्जनांनी दोन्ही फिल्म उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिल्या.

“सोमवारचं रद्द करा,” ते म्हणाले.

काही आठवड्यांनी त्यांनीच बाईंचं अंग बर्फाने गार करून, रक्त काही मिनिटं थांबवून हृदय उघडलं आणि गाठ देठासकट अखंड काढली. रक्त थांबल्याचा मेंदूला फटका बसून बाईंचा डावा हात मात्र थोडा अधू राहिला. वाइंडिंग सुटलं, गिरणीच्या पाळणाघरात काम मिळालं.

आमच्या एक्स-रेच्या फॉर्मवर प्रधानांनी एक रकाना वाढवला: पेशंटला कोणत्या स्थितीत बरं वाटतं? मी रिटायर होईपर्यंत बहुतेक डॉक्टर तो कोराच सोडत. मग मी पेशंटला विचारून भरायचो.