बाबांचा डावा हात

भारीतले हेडफोन घेतले की माणूस गाणी ऐकायचं सोडतो आणि हेडफोनच ऐकायला लागतो. माझं तेच झालं. डोंबिवलीच्या घरात मी तासन्‌तास इक्वलायझरच्या पट्ट्या सरकवत बसायचो. खर्ज जरा वर, मधला आवाज खाली, झांजेची कचकच आणखी थोडी खाली. बायको म्हणायची, "अरे, कधीतरी एखादं गाणं पूर्ण पण ऐक." हेडफोनच्या किमतीबद्दलची तिची मतं इथे लिहीत नाही.

बाबा मोहन्याला राहतात आणि तिथल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, मला कळायला लागल्यापासून. एका रविवारी आमच्याकडे आले ते गप्पगप्पच. जेवताना म्हणाले, "पखवाज सोडतोय. डाव्या हातात जीव राहिला नाही आता."

झालं होतं असं, की मंडळातल्या कुणीतरी भजनाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलेलं. बाबांनी ते फोनवर पुन्हा पुन्हा ऐकलं. उजव्या हाताची टकटक तेवढी येत होती, डाव्याचा घुमारा कुठेच नव्हता. संध्याकाळी ते मंडळाला तसं कळवणार होते. पखवाजाशिवायचे बाबा मला माहीतच नाहीत.

"अहो बाबा, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज येतच नाही," मी म्हटलं. त्यांना वाटलं, पोरगा समजूत काढतोय. मग मी हेडफोन आणून त्यांच्या कानांवर चढवले आणि रेकॉर्डिंग लावलं. लावण्याआधी खर्जाच्या पट्ट्या गुपचूप चांगल्या वर ढकलल्या. म्हटलं, होऊ देत खूश.

थोडा वेळ ऐकून त्यांनी एक कान मोकळा केला. "हा माझा हात नाही. कणीक जास्त झालीय."

पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतात, तिच्यामुळे तो घुमतो. बाबा दर भजनाआधी हेच करत आलेत: थोडी लावायची, थाप मारून बघायची, नखाने थोडी काढायची. मीही पट्ट्यांशी तेच करत होतो, फक्त माझी कणीक जरा महागातली होती.

"काय लावलंयस ते सगळं काढ," बाबा म्हणाले. "आहे तसं ऐकव."

आता मात्र मी घाबरलो. हात खरंच गेला असेल तर? त्याचा पुरावा मीच त्यांच्या कानात घालणार होतो. एकेक पट्टी शून्यावर आणली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

बाबांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांचा डावा हात मांडीवर पडायला लागला.

"आहे," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा, "आहे रे." मला इतकं हलकं वाटलं की मी बायकोला उगाचच चहा टाकायला सांगितला. तेवढ्यात बाबांच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

"दुसऱ्या अभंगात लय ओढतोय मी. सगळे पुढे गेलेत, मी मागे."

"मग?"

"मग काय? रियाज. हात गेला असता तर इलाज नव्हता."

रेकॉर्डिंग संपेपर्यंत त्यांनी हेडफोन काढले नाहीत. मग मंडळाच्या बुवांना फोन लावला. मी शेजारीच होतो.

"शनिवारी पखवाजावर मीच आहे," बाबा म्हणाले. "आणि त्या झांजवाल्यांना सांगून ठेवा, पळत सुटतात फार."