गिऱ्हाणात छाटलेलं वाढं

…तर दावणीला म्हैस हंबरत होती आणि रतन विळा घेऊन बांधाकडं निघाली, इथवर काल आलो होतो. पंच्याण्णव सालची दिवाळीची अवस, सकाळीच सूर्याला गिऱ्हाण लागलेलं. अख्ख्या कन्हेरीची दारं बंद. पोटुशी बाईनं गिऱ्हाणात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आणि रतनला तर पाचवा महिना. पण उपाशी जनावर तिला बघवेना. चार उसांचे शेंडे, म्हणजे वाढं, छाटून तिनं म्हशीपुढं टाकलं. सासूनं, साखरबाईनं, ते खिडकीतून पाहिलं.

रतन म्हणजे माझ्या चुलत पुतण्याची, जोतीरामची बायको. माहेर इंदापूरचं. नवी नवरी असताना एकदा मलाच विचारलं होतं तिनं, "तात्या, तुमी गोष्ट सांगताना दम कवा घेता?" अशी हसरी पोर.

फाल्गुनात तिला मुलगी झाली, सुप्रिया. बारामतीच्या दवाखान्यात बाळ पहिल्यांदा रडलं, तर शेजारच्या खाटेवरची म्हातारी काठी घेऊन खाटांखाली मांजर हुडकत फिरली. आम्ही पोट धरून हसलो. रतनही हसली. ते हसणं मला अजून टोचतं. कारण पोरीचं रडणं तसंच राहिलं, मांजराच्या पिलासारखं. डोकं लहान, अंग ढिलं. दोन वर्षं झाली तरी धड बसणं नाही, की एक शब्द नाही.

साखरबाई येता-जाता गिऱ्हाणावरनं बोल लावायची. रतन उलट बोलायची नाही. दर अवसेला पोरीला कडेवर घेऊन एसटीनं इंदापूरवरून नरसिंहपूरला जायची, संगमात बुडी मारायची आणि देवाला म्हणायची, माझी चूक पोटात घाल, पण हिच्या तोंडून एकदा आई म्हणव.

अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव कळलं. मी सातवी पास, म्हणून बोलायला मला बरोबर नेलं. बाईंनी पोरीचं आणि आईबापाचं रक्त तपासायला घेतलं आणि महिन्यानं एक फोटो पुढं ठेवला. बारक्या काळ्या काड्यांच्या जोड्या मांडलेल्या. ही गुणसूत्रं, म्हणाल्या. माणूस कसा घडायचा ते यांत असतं. पाचव्या जोडीतली एक काडी शेंड्याकडं आखूड होती. तेवढा तुकडा नाही म्हणून हे असं रडणं आणि मागं राहणं. हजारो लेकरांत एखाद्याला होतं. औषध नाही. मेहनत घेतली तर बसेल, कदाचित चालेल. बोलण्याचा भरवसा देता येत नाही.

रतननं त्या आखूड काडीवर बोट ठेवलं.

"बाई, हे म्याच छाटलंय. वाढं असंच छाटलं व्हतं."

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मग मी गिऱ्हाणाची सगळी हकिगत सांगितली. बाई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, हा तुकडा गर्भ राहतानाच गेलेला; कुणाच्या हातानं, कुणाच्या वागण्यानं तो जात नाही. आईबापाच्या रक्तात दोष नाही.

मला तर उभारीच आली. गावात आलो तो तडक ओसरीवर, साखरबाईपुढं बोटांवर महिने मोजले. गर्भ ज्येष्ठातला, गिऱ्हाण दिवाळीतलं. विळा हातात घेतला त्याच्या चार महिने आधीच जे व्हायचं ते होऊन गेलेलं. साखरबाईनं स्वतः पुन्हा मोजलं. मग सुनेला म्हणाली, "लई बोलले गं तुला." जोतीराम उठून गोठ्याकडं गेला, तिकडंच डोळे पुसत उभा राहिला.

मी खूश. म्हटलं, "रतन, सुटलीस बाई. आता अवसेची वारीबिरी बंद. तुझी चूक नव्हतीच."

तिनं पोरीची लाळ पदरानं पुसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"तात्या, चूक माझी व्हती तवर वाटायचं, ती फेडली की ही बोलंल. आता कुणाचीच न्हाय म्हणता, मंग ही बोलायची कशानं?"