आतून जास्त भरलेली गाडी

कल्पना करा, तुमच्यासमोर खणांचं एक जुनं लाकडी कपाट आहे. त्यात चोरकप्पा आहे का हे तुम्हाला ओळखायचंय, आणि तेही काही न उचकटता. काय कराल? कुनिहेइ सोमेया आधी कपाट बाहेरून मोजतात. मग एकेक खण बाहेर काढून आतून मोजतात आणि फळ्यांची जाडी वजा करतात. आतलं माप जिथे कमी भरतं, तिथे कोणीतरी काहीतरी लपवलेलं असतं.

जपानमधल्या आमच्या कामो गावात किमोनो ठेवायची कपाटं बनतात, हलक्या किरीच्या लाकडाची. कुनिहेइकाकांचा जन्म त्यात गेला. हळूहळू ते माणसांनाही तशीच मोजू लागले, बाहेरून एकदा, आतून एकदा.

गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून त्यांच्या बायकोचा, तोमिएकाकूंचा, खुबा मोडला. घरातली लांबलचक गाडी फार ठेंगणी. तिच्यात बसायचं तर काकूंना उचलून ठेवावं लागे. "मी काय तांदळाचं पोतं आहे?" म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. पलीकडच्या गावच्या वृद्धाश्रमात त्यांची थोरली बहीण होती, आणि ती एकेक माणूस विसरत चालली होती. ती काकूंनाही विसरायच्या आत तिला भेटायला हवं होतं.

म्हणून गाड्या विकणारा नागुमो एका सकाळी टोफूच्या वडीसारखी एक छोटी, उभट, पांढरी गाडी दारात लावून गेला.

"आठवडाभर ठेवा, सोमेया-सान. आवडली तर बोलू."

"आणि नाही आवडली तर?"

"तर नुसता चहाला येईन."

"बघितलंस?" काका बायकोला म्हणाले. नागुमो अजून दारातच होता. "गाडी फुकट, वर इतकं गोड हसू. ह्याला नक्की काहीतरी लपवायचंय."

मग लाकडी मोजपट्टी घेऊन ते गाडीला भिडले. बाहेरून मोजली, आतून मोजली. जाऊन आपली जुनी गाडी मोजली आणि परत येऊन ही पुन्हा मोजली.

"अगं, ही आपल्या मोठ्या गाडीपेक्षा आतून लांब आहे!"

"मग चांगलंच की, अहो."

"चांगलं कसलं? आत कमी भरलं की चोरी कळते. आत जास्त भरलं तर कोणाची चोरी करून आणलंय ते शोधायला नको?"

नागुमोला परत बोलावलं. तो बिचारा समजावत बसला. चाकं पार चार कोपऱ्यांत ढकललीत. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे. इंजिनाचं नाक आखूड केलंय.

"म्हणजे मी पेट्रोलवर बसणार?"

"लोखंडी तळ आहे ना मध्ये!"

"नाक आखूड म्हणजे किती?"

नागुमोने हातांनी दाखवलं. काकांनी ते हातही संशयाने पाहिले.

त्यांची एक परीक्षा अजून बाकी होती. किरीचं कपाट चांगलं जमलं असेल तर एक खण लावताना आतल्या हवेने दुसरा आपोआप पुढे येतो. काकांनी गाडीचं पुढचं दार नुसतं टेकवलं आणि मागचं धाडकन लावलं. पुढचं दार हळूच बाहेर आलं.

"हं. हवा तरी धरते," ते नाइलाजाने म्हणाले आणि मोजपट्टी घेऊन स्टिअरिंगखाली शिरले.

तेवढ्यात काकू काठी टेकत दाराशी आल्या. बाजूचं सरकतं दार उघडंच होतं. गाडीचा तळ उंबऱ्याएवढाच उंच आणि सपाट. त्या काठावर टेकल्या, पायातले बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट जोडीने रस्त्यावर ठेवले आणि पाय आत घेऊन बसल्या. कोणी उचललं नाही.

"चला," त्या म्हणाल्या.

"अगं, अजून माझी खात्री..."

"तुमची खात्री होईपर्यंत ताई मला विसरेल."

काका स्टिअरिंगमागे बसले. गाडी गेली. काकूंचे बूट घराच्या उंबऱ्याशी ठेवावेत तसे गल्लीत राहिले. मी समोरच राहतो. मीच ते उचलून ठेवले.

बूट मागेच राहिले, हे आश्रमाच्या आवारात काकांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःचे बूट काकूंना दिले आणि आपण मोज्यांवर ओल्या फरशीवरून चालले. बहीण दाराशीच चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिने आधी ते मोठाले बूट पाहिले, मग चेहरा.

"तोमिए, पुन्हा बाबांचे बूट घातलेस? मार खाशील."

काका गाडी घेणार हे तिथेच ठरलं. संशय मात्र गेला नाही. मी गाड्यांच्या कारखान्यात आराखडे काढतो, त्यामुळे आता ते मला धरतात. धडक बसली की पुढचे पत्रे कसे दुमडतात आणि आतला सांगाडा कसा टिकतो, हे मी कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"आम्ही कपाटात लाकूड फुगायला केसाएवढी जागा सोडतो," ते म्हणाले. "पत्र्याला दुमडायलाही जागा लागत असेल. सगळी तर तुम्ही आमच्या हिला पाय पसरायला दिलीत. मग दुमडायची जागा ठेवलीत कुठे?"