रिव्हॉल्व्हरमधला रवा

आमच्या नॉटिंगहॅमच्या घरी त्या वर्षांत रव्याचा खप दुप्पट झाला होता. निम्मा उपम्याला जायचा, निम्मा माझ्या रिव्हॉल्व्हरला. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधी नीट समजावून सांगते.

त्याआधी काही वर्षं इथल्या कायद्याने काडतुसाच्या छोट्या बंदुका सामान्य माणसाला बंद केल्या होत्या. पण जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर, ज्याला काडतूस नसतं, ज्यात दारू आणि शिशाची गोळी आपल्या हाताने भरावी लागते, ते पोलिसांचं सर्टिफिकेट घेऊन क्लबात चालवता येतं. त्याला 'सिंगल ॲक्शन' म्हणतात. चाप ओढला की त्यात नुसता घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, पडतो. तो घोडा दर गोळीला अंगठ्याने मागे ओढून चढवायचा. चढवला की गोळ्यांचं चक्र एक घर पुढे सरकतं आणि हातात अगदी स्पष्ट टक् होतं. एका हाताने धरायचं, पंचवीस मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा, आणि मग एवढा धूर, एवढा आवाज! मी हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये नोकरी करते. ऑफिसातल्या एकीबरोबर क्लबच्या पाहुण्यांच्या दिवशी सहज म्हणून गेले आणि पहिल्या गोळीलाच माझं ठरलं. सर्टिफिकेट मिळेपर्यंत मला धीर नव्हता.

आता रवा. कागदाला भोक पाडायला दारू फार लागत नाही. पण ती कमी घातली की चक्राच्या घरात वर जागा उरते आणि गोळी खोल जाऊन बसते. गोळी तोंडाशी बसली तर नेम चांगला लागतो. म्हणून दारूवर मापाने रवा ओतायचा आणि त्यावर गोळी दाबायची. हा माझा शोध नाही. इथले इंग्रज वर्षानुवर्षं तेच करतात. त्यांच्या लेखी रव्याचा दुसरा उपयोग म्हणजे शाळेत मिळायची ती बेचव खीर. गोळीवर वरून चरबी थापतात, चक्राच्या शेजारच्या घरात ठिणगी जाऊ नये म्हणून. मी चरबीऐवजी साजूक तूप आणि मेण वितळवून घ्यायचे. आणि संध्याकाळी सगळं सुटं करून सिंकमध्ये गरम पाण्याने, भांड्याच्या साबणाने धुवायचं. दारूच्या काजळीला दुसरं काही चालत नाही.

"आपल्या घरातली ही पहिलीच वस्तू, जी तू स्वतःहून घासतेस," नवरा म्हणायचा.

"तुमची कढई पण मीच घासते. बघा जरा."

ऑफिसात लोक विचारायचे, याचा उपयोग काय? मी प्रामाणिकपणे सांगायचे, काही नाही. अमेरिकेत म्हणे शेतावर सापासाठी कमरेला लावून फिरतात. इथे जत्रेत जुन्या लढायांचे खेळ करणारे लोक गोळी न घालता नुसता बार काढतात. स्वसंरक्षण हे कारण तर पोलीस ऐकूनही घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. माझं रिव्हॉल्व्हर भिंतीतल्या लोखंडी कपाटात, आणि पाच गोळ्या भरायला मला सात-आठ मिनिटं. चोर आलाच तर त्याला चहा करून द्यावा लागेल. "साखर किती, तेही विचार," नवऱ्याने भर घातली होती.

तर त्या वसंतात क्लबाची तिघांची टीम कार्डिफच्या सामन्याला जायची होती. दोन जागा ठरल्या होत्या. तिसरी, सालोसाल ज्यांची होती, त्या गृहस्थांना आम्ही घरी 'आजोबा' म्हणायचो. सत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, रुंद पंजाचे. मला घोडा चढवायला त्यांनीच शिकवलं होतं. पण गेल्या हिवाळ्यापासून माझे आकडे त्यांच्या आसपास यायला लागले होते. मी दर रविवारचे गुण मांडून ठेवत होते आणि सरासरीत आमच्यात एका गुणाचाही फरक उरला नव्हता. क्लबाच्या कॅप्टनबाईंनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी दोघांनी शेजारी-शेजारी उभं राहून तेरा गोळ्या मारायच्या, वेळ अर्धा तास, चांगल्या दहांचे गुण धरायचे. जास्त गुण तो कार्डिफला. बरोबरी झाली तर जागा जुन्या मेंबरची.

"मी काही तुला देणार नाही हं, मी डक," आजोबा म्हणाले. 'मी' म्हणजे त्यांचं 'माय'; या भागात सगळेच एकमेकांना 'माझं बदक' म्हणतात, बसचा ड्रायव्हरसुद्धा.

"मागतंय कोण?" मी म्हणाले. "मी घेणार आहे."

ते खो-खो हसले. पण मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की तो आठवडाभर मी बसस्टॉपवर उभी असतानाही अंगठा मागे ओढत होते. पंचेचाळिशी उलटल्यावर आपण एखाद्या गोष्टीत चांगले होतोय, दर आठवड्याला आकड्यांत दिसेल असे चांगले होतोय, हे किती दिवसांनी घडत होतं! शाळेत मला कोणी लंगडीच्या संघातही घेतलं नव्हतं.

रविवारी नवरा बरोबर आला. "सामान मी भरतो, तू डोकं शांत ठेव," म्हणाला. रेंजवर पोचलो तर आजोबा आपला डबा टेबलावर आपटत होते. त्यांच्या शेडचं छप्पर गळलं होतं आणि रव्याचा खडा झाला होता.

"मी डक, वाटीभर सेमोलिना असेल?"

आमच्याकडे शेजारणीला रवा नाही म्हणायची पद्धत नाही. मी आमची रव्याची बाटली उघडून अर्धा त्यांच्या डब्यात ओतला. त्यांनी मोजून आणलेल्या दारूच्या नळ्या काढल्या आणि भरायला सुरुवात केली. त्यांचं तिसरं घर भरून होईपर्यंत मी माझं पहिलं भरायला घेतलं, आणि माप तिरकं केलं तरी रवा खाली पडेना. बोटाने टकटक केलं तेव्हा एक गठ्ठा पडला. रंग बदामी. मी बाटली नाकाशी नेली.

"अहो! हा रवा कुठला भरलात?"

"डब्यातला. का?"

"कुठल्या डब्यातला?"

"कच्चा संपला होता. मग भाजलेला घेतला. काल उपम्यासाठी भाजून ठेवला होता ना मी. रवा तो रवा."

"तुपावर भाजलाय तो!"

"थोडंसंच तूप आहे गं. चमचाभर."

मला हसावं की रडावं कळेना. मी आजोबांकडे वळले आणि सगळं सांगून टाकलं: हा भाजलेला आहे, तुपाचा आहे, मापात नीट पडत नाही, दारूला तूप लागलं तर बार फुसका जाईल, आणि हे मला आधी कळलं नव्हतं. हवं तर रव्याशिवाय भरा, मीही तसंच भरते. चूक माझ्याकडून झाली आहे.

आजोबांनी चिमूटभर रवा तळहातावर घेतला, हुंगला आणि तोंडात टाकला.

"हे तर चांगलं लागतं!"

"खाऊ नका, भरायचंय त्यातलं!" कॅप्टनबाई ओरडल्या.

आजोबांनी हिशेब केला. रव्याशिवाय भरलं तर गोळी खोल बसणार आणि दोघांचाही नेम कुठे जाईल सांगता येणार नाही. तुपाचा रवा निदान गोळी वर तरी धरेल. आणि लगेच उडवायचं, म्हणजे तूप मुरायला वेळ नाही. कॅप्टनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रवा भाजू नये असा नियम मी तरी वाचलेला नाही. दोघांनाही तोच, म्हणजे तक्रार नाही. मी प्रत्येक माप बोटाने टकटक करून सपाट केलं. चक्रात सहा घरं असतात, पण भरायची पाचच; घोड्याखालचं एक रिकामं. लाइनवर गेल्यावर प्रत्येक घरामागे ठिणगी देणाऱ्या टोप्या चढवल्या, दिवाळीतल्या टिकल्यांच्या मोठ्या बहिणी म्हणा.

"वेळ सुरू!"

घोडा चढवला. टक्. श्वास सोडला, चाप दाबला. धडाम्! पांढरा धूर पसरला, आणि त्या गंधकाच्या धुरात भाजलेल्या रव्याचा खमंग वास! दोन लेन पलीकडचा एक जण वळून पाहायला लागला. मागून नवरा म्हणाला, "नुसती फोडणी राहिली."

"प्रेक्षकांनी गप्प बसावं," कॅप्टनबाई म्हणाल्या.

पहिल्या पाच गोळ्या मला अजून पाठ आहेत: आठ, सात, नऊ, सहा, दहा. चाळीस. टेलिस्कोपमधून पाहिलं तर भोकं इकडे-तिकडे विखुरलेली. काही वाईट नाही, पण कार्डिफ त्यात नव्हतं.

शेजारी आजोबांची सातवी की आठवी गोळी. टोपी वाजली, टिक् एवढंच. बार नाही. माझं तूप! मला ती जागा हवी होती, पण माझ्या उपम्याने मिळालेली नको होती. आजोबा नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हरची नळी समोर धरून थांबले. ते अर्धं मिनिट संपता संपेना; मी माझं भरणंही थांबवलं. मग त्यांनी नवी टोपी चढवली, घोडा ओढला, आणि धडाम्! दोष टोपीचा होता. मी मोठ्याने "येस!" म्हणाले, आणि मग लक्षात आलं की मी प्रतिस्पर्ध्याच्या गोळीवर आनंद साजरा करतेय.

दुसऱ्या पाचांत काहीतरी बदललं. एरवी पाच गोळ्यांनंतर नळीत काजळी कडक होते, चक्र अडखळतं. आज चक्र लोण्यासारखं फिरत होतं. नऊ, आठ, नऊ, आठ, नऊ. त्रेचाळीस! तुपाने काजळी मऊ राहिली असावी. एका दिवसाच्या आकड्यांवर मी निष्कर्ष काढत नाही, पण त्या क्षणी मला घरी परत जाऊन त्या तुपाला मिठी मारावी असं वाटत होतं.

शेवटच्या तीन भरताना कानांवरच्या जाड टोपणांमधूनही आजोबांचा आवाज आला. त्यांचं संपलं होतं. "माझे अठ्ठ्याऐंशी, मी डक. सावकाश होऊ दे तुझं."

माझे त्र्याऐंशी, तीन गोळ्या हातात. अकरावी: नऊ. सहाचा गुण गेला, नऊ आला, शहाऐंशी. बारावी: सात. कसा गेला माहीत नाही, मनगट थकलं होतं. त्याने काहीच बदललं नाही. आता चांगल्या दहांत सर्वांत खालचा गुण सात. शेवटच्या गोळीला नऊ पडले तर अठ्ठ्याऐंशी, बरोबरी, आणि जागा आजोबांची. दहाच हवे होते.

हात खाली घेतला. बोटं मोकळी केली. चार मिनिटं शिल्लक होती, त्यातलं एक पूर्ण मिनिट मी नुसती उभी राहिले. मागे नवराही गप्प होता, म्हणजे प्रसंग किती गंभीर ते समजा. मग हात वर, अंगठा मागे. टक्. काळा गोल नळीच्या टोकावरच्या माशीवर, नेमाच्या खुणेवर, टेकला, हलला, पुन्हा टेकला. श्वास अर्धा सोडून चाप दाबत राहिले, आता सुटेल असं न ठरवता, नुसता दाबत.

धडाम्!

धूर हलेना. त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. मी टेलिस्कोपला डोळा लावून धुराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. विरळ झाला तेव्हा दहाच्या वर्तुळाच्या रेषेवर एक नवं भोक दिसलं. आत की बाहेर, इथून कळेना.

कॅप्टनबाई कागद घेऊन आल्या. रेषेला कड लागली तर वरचा गुण, हा नियम. त्यांनी मोजायची पितळी गुल्ली भोकात बसवली, भिंग धरलं. आजोबा त्यांच्या खांद्यावरून वाकले.

"लागलीये," बाई म्हणायच्या आधी तेच म्हणाले. "लागलीये ती. दहा."

बाईंनी आणखी एकदा पाहिलं. "दहा. एकोणनव्वद."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. नवरा म्हणतो, मी उडी मारली आणि त्याच्या पायावर उतरले. मला एवढं आठवतं की मी तिथेच कागदावरच्या चांगल्या दहांची बेरीज स्वतः करून पाहिली, वरून खाली आणि खालून वर. दोन्हीकडून एकोणनव्वद.

आजोबा खुर्चीवर बसून होते. चेहरा पडला होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. "इतक्या वर्षांची जागा," ते म्हणाले, "आणि ती खाऊन टाकली नाश्त्याने." मग मला विचारलं, "आणि कार्डिफला कुठला सेमोलिना नेणार आहेस?"

"पुढचे दोन रविवार दोन्ही मारून बघते. एक दिवस कच्चा, एक दिवस भाजलेला. मग ठरवीन."

"मला बोलव. मी शेजारी उभा राहतो. शेजारी कोणी नसलं की तू ढिली पडतेस."

ते खरं होतं. मी हो म्हणाले.

फळ्यावर टीमची तीन नावं होती. कॅप्टनबाईंनी फडकं उचललं आणि तिसऱ्या नावापाशी थोड्या घुटमळल्या.

"पूस, पूस," आजोबा म्हणाले. "खडूच आहे तो."

बाईंनी पुसलं आणि माझं नाव नीट लिहायला एकेक अक्षर विचारलं. मी हळू आवाजात सांगायला लागले.

"मोठ्याने सांग, मी डक," आजोबा मागून ओरडले. "दारापाशी उभे आहेत त्यांनाही ऐकू जाऊ दे."

मग मी मोठ्याने सांगितलं.