काळ्या शालीवरचं ऑर्किड

दयाराम मेश्राम भंडाऱ्याहून लखनौला आले आणि आमच्या वनस्पती संशोधन संस्थेत एकतीस वर्षं फोटो काढत राहिले. पानं, मुळं, बिया आणि फीत कापणारे पाहुणे. त्या फोटोंखाली संस्थेचं नाव असे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. नोकरीच होती ती.

एक ऑर्किड मात्र त्यांचं स्वतःचं होतं. लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या घराच्या गच्चीवर वाढवलेलं, रविवारी, स्वतःच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं. मागे काळं कापड हवं होतं. ऑफिसातल्या काळ्या मखमलीची फाइल दोन वर्षं मंजुरीच्या वाटेवर होती, म्हणून त्यांच्या पत्नीनं, बेबीताईंनी, अमीनाबादच्या बाजारातून आणलेली आपली काळी शाल दोरीवर टांगली. शालीच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचं रफू होतं. काळा दोरा संपला होता.

हा फोटो त्यांनी कौतुकानं डायरेक्टरसाहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. एकतीस वर्षांत एवढी एकच चूक. महिन्याभरात तो साहेबांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर झळकला. आत लिहिलं होतं, छायाचित्र: खुद्द साहेब. ज्यांच्या सेल्फीत अर्धं कपाळच येतं, ते हे साहेब.

दयारामांनी अर्ज केला: निवृत्तीआधी फोटोखाली माझं नाव यावं, बाकी काही नको. अर्जावर 'चर्चा करावी' असा शेरा आला. चर्चा कुणी केली नाही. मी तिथल्याच ग्रंथालयात, त्यामुळे चिडायला मला भरपूर वेळ. दयारामच माझी समजूत घालायचे, "जाऊ द्या मॅडम, साहेब विसरले असतील."

डिसेंबरात निरोपसमारंभ झाला. संस्थेनं दयारामांना भेट म्हणून त्यांचाच ऑर्किडचा फोटो दिला, फ्रेम करून, खाली सोनेरी अक्षरांत साहेबांचं नाव. वर साहेबांनी भाषण ठोकलं, "तराई के जंगल में चार घंटे कीचड़ में लेटा रहा मैं. पीछे देखिए, कैसा घना अँधेरा!"

पहिल्या रांगेतून बेबीताई उठल्या. "सर, उस जंगल में मेरी शॉल कैसे पहुँची? कोने में लाल रफू है ना, वो मैंने किया है." आणि अंगावरची शाल उलगडून त्यांनी तो कोपरा सगळ्यांना दाखवला.

सभागृह खो खो हसलं. साहेबही हसले. "अरे, पहले बताना था! सुधार हो जाएगा."

चहाच्या वेळी दयाराम पुटपुटले, "काय गरज होती बोलायची?"

"तुम्ही नाही बोलले, म्हणून मी बोलली."

सुधारणा झाली, खोटं कशाला बोलू? दुसरी आवृत्ती ग्रंथालयात आली. छायाचित्र: साहेब. त्याखाली एक नवी ओळ होती. पेन्शनच्या कागदांवर पत्नीचं नाव होतं तसंच क्लार्कनं उतरवलं होतं: 'शाल सौजन्य: श्रीमती बेबी दयाराम मेश्राम.'

मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले. दयारामांनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली आणि मधल्या नावावर बोट ठेवलं.

"आलं ना माझं नाव," ते बायकोला म्हणाले. "तुझ्या नावात का होईना."

बेबीताईंना हसू आलं नाही. मलाही नाही.